मेघनासाठी काय मागायचं

(लालबागची एक चाळ, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी. पंचवीस जानेवारीची संध्याकाळ. उद्या चाळीची सत्यनारायणाची पूजा. गणपतआजोबा नारळ सोलताहेत. त्यांची नात मेघना तोरणासाठी आंब्याचे टाळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, सुतळीत बांधते आहे.)

आजोबा: ह्या सगळा ठीक आसा गो. पण माका एकच सांग. एकच व्हया.

मेघना: सांगितलं ना आजोबा, एक नाहीये.

आजोबा: मगे उद्या देवाक काय सांगू? माझ्या नातीक कायतरी दी, काय ता तिकाय ठावक नाय, असा सांगू?

मेघना: चालेल की. खरं तर तेच आहे.

आजोबा: गाऱ्हाण्यात असा चालणा नाय. अख्खी चाळ हात जोडून उभी ऱ्हवता. मी एकेका घराचा नाव घेतंय, त्या घराचा मागणा बोलतंय, आणि सगळी म्हणतत, होय म्हाराजा. तळमजल्यावरच्या नलूच्या झिलाक नोकरी. कोपऱ्यातल्या कालिंदीच्या गुडघ्याक उतार. सगळ्यांची मागणी कशी सुटसुटीत. आणि स्वताच्या घराकडे येऊन मी अडाकतलंय?

मेघना: घरात सगळे सुखी राहू देत म्हणा आणि पुढे चला.

आजोबा: तां शेवटाक सगळ्यांसाठी असता. तां घराचा मागणा नाय. काल तू काय सांगी होतंस, मुंगळे?

मेघना: मुंग्या. मुंगळे वेगळे. म्हणजे आहेत तसे एकाच खानदानातले, पण ते सोडा.

आजोबा: आणि परवा दगड.

मेघना: हो.

आजोबा: त्याच्या आदी नाटकातल्यो लायटी.

मेघना: त्या अजून आहेत. येत्या महिन्यात शो आहे आमचा. आणि फारसी पण शिकतेय मी, ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

आजोबा: फारसी कित्याक? इराण्याकडे चाय पिऊक?

मेघना: पहिल्याच दिवशी सर म्हणाले, तुम्हाला फारसी येतेच, फक्त माहीत नाहीये. दरवाजा, बाजार, जमीन, गुलाब, सगळे शब्द तिकडून आलेले. मला इतकं हसू आलं. घरात वर्षानुवर्षं कोणीतरी राहतोय आणि आपण त्याला नावही विचारलं नाही, तसं वाटलं.

आजोबा: तुझी दोन वर्सां अशीच गेली काय गो? हसण्यात?

मेघना: आमच्या कॉलेजची पद्धतच तशी आहे. पहिली दोन वर्षं सगळीकडे बसायचं, सगळं चाखायचं. मग एक मुख्य विषय घ्यायचा, त्यात शेवटपर्यंत.

आजोबा: मगे घी मा. कोण अडयता?

मेघना: हा महिना संपायच्या आत नाव द्यायचंय. तेच तर चाललंय डोक्यात. आणि तुम्ही पण नेमकं आजच विचारताय. आजोबा, एक सांगा. गाऱ्हाणं सुरू करताना तुम्ही किती देवांची नावं घेता?

आजोबा: घेवचीच लागतत. रवळनाथ, सातेरी, भगवती, सीमेवरचो, ठिकाणावरचो, बारा-पाचाचो. एकाचा जरी नाव ऱ्हवला तर तो रुसता.

मेघना: बघा. तुम्ही एका देवावर भागवत नाही, आणि मी मात्र एकाच विषयावर भागवायचं.

आजोबा: शाणी आसस. पण आयक. हाका बारा जणांक मारूची. मागणा एकच करूचा. बारा जणांकडे बारा गजाली मागल्यास तर बाराय जण म्हणतले, दुसरो देतलो. कोणच देणा नाय.

मेघना: हे बरोबर आहे.

आजोबा: पन्नास वर्सां गाऱ्हाणा घालतंय मी. उगाच नाय.

मेघना: पण मग गेल्या वर्षी माझ्यासाठी काय मागितलंत? मला खरंच आठवत नाहीये.

आजोबा: तू हय उभी होतंस. माझ्या बाजूक. सगळ्यात मोठ्यान तूच ओरडलंस, होय म्हाराजा.

मेघना: ओरडले असेन. माझं लक्ष नव्हतं. चौरंगाच्या पायापाशी मुंग्यांची रांग लागली होती, प्रसादाकडे निघालेली. त्यातली एक सारखी मागे फिरत होती. मी तिलाच बघत होते.

आजोबा: मी म्हटलंय, बा देवा म्हाराजा, हितेंद्राचा ह्या चेडू अर्थशास्त्र शिकता, त्येका चांगल्या बँकेत लाव, खुर्चेर बसव. आणि सगळ्या चाळीन होय म्हटला.

मेघना: अरे देवा.

आजोबा: त्येकाच सांगलंय मा.

मेघना: मला कोणी विचारलं का नाही?

आजोबा: तुझ्या बापाशीन सांगलेला. अण्णा, इकॉनॉमिक्स घेतला हा, बँकेचा मागा. मगे मी तांच मागलंय. चुकला काय?

मेघना: तेव्हा चुकलं नव्हतं. तेव्हा मी पण तेच म्हणत होते. आता बहुतेक चुकलंय.

आजोबा: नलू दर आयतवारी विचारता. गणपतभाऊ, चेडू बँकेत लागला काय? तिकाय वाटता, आपण होय म्हटला हा, आपलोय त्येच्यात वाटो आसा.

मेघना: म्हणजे माझा विषय बदलायचा तर नलूमावशीला विचारायला हवं?

आजोबा: हसा नको. बोललेला मागणा मागे घेवचा तर तेंच्याच समोर घेवचा लागता. आणि तेंनी परत होय म्हणूक व्हया. नाय म्हटल्यानी तर माझा तोंड खंय ऱ्हवला? आजपावत एकाय घराचा मागणा मी फिरवूक नाय.

मेघना: मी हसत नाहीये. बाबा आला बघा. त्याच्यासमोर नको आता.

बाबा: काय नको माझ्यासमोर? ही केळी घ्या. खाली शिऱ्याला अजून एक फणी लागणार म्हणाली तुझी आई. ती आणि कालिंदीबाई रवा भाजायला बसल्यात.

आजोबा: इलस बरा झाला. ह्या काय सांगता आयक. अर्थशास्त्र नको म्हणता.

मेघना: नको असं नाही म्हटलं मी. आजोबा, तुम्ही पण.

बाबा: मेघना?

मेघना: बस ना बाबा. आधी बूट तरी काढ.

बाबा: बूट राहू देत. महिना संपत आलाय. दुसरं काही देणार आहेस का नाव?

मेघना: अजून काही दिलं नाहीये. इकॉनॉमिक्स पण आवडतं मला, खरंच. आकडेवारीचा पेपर तर फार आवडला. नावडलं असतं तर सोपं होतं. सोडलं असतं.

बाबा: मग आवडतं ते घे आणि मोकळी हो. प्रॉब्लेम कुठेय?

मेघना: प्रॉब्लेम हा आहे की बाकीचं पण तेवढंच आवडतं. आणि एक जास्त आवडतं.

बाबा: कुठलं?

मेघना: दगड. म्हणजे भूशास्त्र.

बाबा: बरं. आणि पुढच्या वर्षी?

मेघना: म्हणजे?

बाबा: पहिल्या वर्षी इकॉनॉमिक्स. मग मुंग्या. दिवाळीत नाटकाच्या लायटी, अख्खी दिवाळी तू त्या हॉलमध्ये काढलीस. आता दगड. पुढच्या वर्षी अजून काय. मी ओरडत नाहीये, विचारतोय. माझं काम तुला माहितीये. त्या मिलच्या जागेवर टॉवर झाले तेव्हापासून त्यांच्या लिफ्ट मी बघतो. दिवसभर लिफ्टमध्ये लोक एकमेकांना भेटतात. काय करता तुम्ही? वकील. डिझायनर. ऑडिटर. एक शब्द. मजला यायच्या आत सांगून होतं. तुला काय सांगता येईल?

मेघना: मला लिफ्टमधून उतरायला लागेल, सांगून होईपर्यंत.

बाबा: चेष्टा नको करू.

मेघना: चेष्टा नाही रे. तुझं बरोबर आहे, म्हणून तर.

बाबा: मी एकच काम शिकलो आणि ते मला येतं. दोर कुठे घासतोय ते मी आवाजावरून सांगतो. कुठे लिफ्ट अडकली, आत माणसं आहेत, की साहेब म्हणतात, हितेंद्रला बोलवा. कुणाचं तरी अडतं आणि त्याला आपलंच नाव आठवतं. त्याच्यावर माणूस उभा राहतो, मेघना. तुझं सगळ्यात थोडं थोडं होईल आणि कशासाठीच कोणी बोलावणार नाही. मला त्याची भीती वाटते. बाकी काही नाही.

मेघना: मला पण वाटते.

बाबा: वाटते ना? मग?

आजोबा: हितेंद्रा, आदी पाणी पी. चेडू पळान जाणा नाय.

बाबा: अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही तिला सांगितलंत का?

आजोबा: काय?

बाबा: तुम्हाला माहितीये काय.

आजोबा: गप ऱ्हव.

मेघना: काय सांगायचंय?

आजोबा: काय नाय. तो केळी घेवन इलो हा, केळ्यांचा सांगता.

बाबा: अण्णांनी गेल्या वर्षी नवस बोललाय तुझ्यासाठी. गाऱ्हाण्यात नाही, मनातल्या मनात. तू बँकेत लागेपर्यंत बांगडा खाणार नाही म्हणून.

मेघना: आजोबा.

आजोबा: तसा काय नाय ता.

मेघना: मला तर म्हणालात डॉक्टरांनी बंद केलाय. अंगावर पित्त उठतं म्हणून.

आजोबा: तांय उठता कधी कधी.

बाबा: मे महिन्यात गावी लग्न होतं ना, तिथे तिखल्यातला बांगडा त्यांनी पानात बाजूला सारला. बांगडा, अण्णांनी. मला वाटलं यांना बरं नाहीये. मग रात्री खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

मेघना: पण का? तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

आजोबा: देवाकडे हात पसरताना आपणय कायतरी सोडूक व्हया गो. फुकट कसा मागूचा? आणि सोडूचा तां आवडीचाच. नावडता सोडून देव फसणा नाय.

मेघना: वर्षभर मी तुमच्या समोर बसून खाल्ला. मागच्या बुधवारी तुम्ही मला काटे काढून दिलेत.

आजोबा: मगे तुका अजून काढूक येवक नाय. शिक आता.

मेघना: मग ठरलं. इकॉनॉमिक्स.

बाबा: बघ. असं समजून घेतलं की—

मेघना: उद्या सांगून टाका आजोबा, गेल्या वर्षीचंच मागणं. उद्याच कॉलेजच्या साइटवर नाव टाकते. मला आवडतं इकॉनॉमिक्स. खोटं नाही बोलत. बँकेत लागेन, तुम्ही बांगडा खा. सोपंय.

आजोबा: टाळ खाली ठेव.

मेघना: होतच आलंय.

आजोबा: ठेव म्हणतंय. माझ्याकडे बघ. माझ्या बांगड्यासाठी तू नाव घालतलंस?

मेघना: तुम्ही माझ्यासाठी सोडलात ना. मग मी तुमच्यासाठी धरते.

आजोबा: तू तांच कर म्हणान मी सोडूक नाय. माका वाटला, तुका तांच व्हया हा. आता कळला, नको हा. मगे माझ्या सोडण्याचो काय उपयोग? बांगडो सोडून मी तुझ्याच पायात दोरी बांधलंय असा झाला.

बाबा: अण्णा, ती स्वतःहून हो म्हणतेय.

आजोबा: तिचा होय माका म्हायत आसा. गेल्या वर्सा पण होय म्हणलला. मेघना, आता माका सांग. त्या कॉलेजात काय झाला? पहिल्यापासून सांग. विषयाचा नाव नको. काय झाला ता सांग.

मेघना: काय झालं म्हणजे, काही झालं नाही. सुरुवातीला मला सगळे माझ्याहून हुशार वाटायचे. देविका म्हणून आहे एक, गिरगावची, तिच्या घरी भिंतभर पुस्तकं. ती लहानपणापासून म्युझियममध्ये जाते. मी लहानपणापासून क्लासला गेले. मला मार्क पडायचे, पण मार्क पडले ते सोडून मला काय आवडतं, ते कोणी विचारलं तर मी गप्प. मला वाटायचं विषय म्हणजे खोली. आपल्या नावावर जी आली त्यात राहायचं. मग एकदा प्राण्यांच्या तासाला मॅडमनी बागेत नेलं. म्हणाल्या, प्रत्येकाने एक मुंगी निवडायची आणि तिच्यावरून नजर काढायची नाही. हरवली की दुसरी घ्या, पण पहिल्यापासून. मुलं हसत होती. मी पालथी पडले गवतात. तास संपला, सगळे जेवायला गेले, मी तशीच. शिपाई येऊन म्हणाला, ताई, बरं वाटत नाही का.

आजोबा: आणि बरा वाटत होता?

मेघना: इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं, आजोबा. म्हणजे रिझल्टच्या दिवशी पण नाही. त्या दिवशी कळलं की मला एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ बघता येतं. मला माहीतच नव्हतं. मग लायटिंग. स्टेजवर माणूस तोच, वाक्य तेच, मी एक दिवा खाली घेतला की त्याचं वाक्य खोटं वाटायला लागतं. ते पण मला माहीत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी असं काहीतरी व्हायचं. माझ्यात इतक्या गोष्टी आवडायला जागा आहे, हेच मला माहीत नव्हतं. आपल्या घरात आपण सगळे एका खोलीत राहतो ना. मला वाटायचं मी पण आतून तेवढीच असेन.

बाबा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मेघना: तू विचारायचास, अभ्यास कसा चाललाय. मी म्हणायचे, बरा.

आजोबा: आणि दगडाचा?

मेघना: सरांनी वर्गात एक काळा दगड हातात दिला. म्हणाले, हा कुठला ओळखा. मी म्हटलं, आमच्या चाळीच्या पायरीचा. सगळे हसले, पण सर म्हणाले, बरोबर, अगदी तोच. तो लाव्हा आहे. थिजलेला. आपण राहतो ते सगळं थिजलेल्या लाव्हावर आहे. तुम्ही, मी, ही चाळ, बाबाचे टॉवर. त्या दिवशी मी भायखळ्याला उतरून चालत आले. रस्ता तोच, पण पोचायला किती उशीर झाला, आई ओरडली. प्रत्येक फुटपाथची कड, प्रत्येक जुनी भिंत थांबून थांबून बघत होते.

बाबा: तेव्हा मला वाटलं तू कुठल्या मुलाबरोबर होतीस.

मेघना: माहितीये. तू दोन दिवस बोलला नव्हतास.

बाबा: मग सांगायचं ना, दगड बघत होते म्हणून.

मेघना: तुला पटलं असतं?

बाबा: नाही.

मेघना: आणि वरळीचं तर अजून सांगितलंच नाही. वरळीच्या टेकडीत बेडूक सापडलेत. दगडातले. अंगठ्याएवढे, हाडं मोजता येतील असे. मी फोटो बघितले.

आजोबा: लाव्हा म्हंजे आग मा? आगीत बेडूक खंयसून येतलो?

मेघना: आगीत नाही. एक लाव्हा वाहून गेला, थंड झाला. मग दुसरा यायच्या आधी खूप काळ मध्ये गेला. तेवढ्यात खड्ड्यात पाणी साठलं, शेवाळ आलं, बेडूक आले, त्यांची पिल्लं झाली. मग दुसरा लाव्हा आला. पण त्या मधल्या थरात ते राहिले. साडेसहा कोटी वर्षं, आजोबा. वरळीला. आपण तिथे वारा खायला जातो.

आजोबा: देवा म्हाराजा.

बाबा: खरंच वरळीला?

मेघना: खरंच. मी सांगते आणि मला अजून काटा येतो, हात बघ. म्हणून म्हटलं, हे जास्त आवडतं. पण परत तुझाच प्रश्न येतो बाबा. पुढच्या वर्षी दुसरं काही आवडलं तर? एक नाव लिहायचं म्हणजे मला वाटतं बाकीच्यांना घराबाहेर काढतेय. आणि रात्री वाटतं, हे सगळं नाटक असेल. मला खोल जायची हिंमत नाही म्हणून मी दारं बदलत असेन. तसं असेल तर?

बाबा: ते मला सांगता येणार नाही.

मेघना: मला पण नाही.

बाबा: एवढं मात्र आहे. इकॉनॉमिक्सचं सांगताना तुझ्या हातावर काटा नाही आला.

मेघना: आता तू असं नको बोलू. मी आत्ताच ठरवलं होतं.

बाबा: माझी भीती गेलेली नाही. फक्त दिसलं ते सांगितलं.

आजोबा: मगे उद्या दगड मागू?

बाबा: अण्णा, चाळीसमोर? देवाकडे लोक सोनं मागतात, तुम्ही दगड मागणार. नलू दहा घरांत सांगेल.

मेघना: आणि पुढे मलाच वाटलं की चुकलं, तर पुढच्या वर्षी परत मागे घ्या. नको आजोबा. विषयाचं नावच घेऊ नका.

आजोबा: माकाय तसाच वाटता. गेल्या वर्साक माझी तीच चूक झाली. मी देवाक खुर्ची सांगलंय. खंयची, केवडी, सगळा मीच ठरवलंय. थांब. शब्द लावून बघतंय. बा देवा म्हाराजा, तुका गेल्या वर्सा ह्या चेडवासाठी एक मागणा केला. तां माझा होता, तिचा नव्हता. तां आज सगळ्यांसमोर परत घेतंय. ह्या चेडवाक तू नजर दिलंस हा. मुंगी बघूचीय आणि दगड बघूचीय. ती नजर मोडा देव नको. ज्येच्याकडे बघात, त्येका शेवटपावत बघूची ताकद दी. भियात, तेव्हा तिच्या पाठीशी ऱ्हव. बास. इतकाच.

मेघना: आजोबा.

आजोबा: एकच आसा मा मागणा?

मेघना: एकच आहे.

बाबा: एक विचारू अण्णा? बँकेचं मागणं होतं तेव्हा एक दिवस असा आला असता की झालं, मिळालं, फिटलं. तुम्ही त्या दिवशी बांगडा खाल्ला असता. हे कधी फिटणार? नजर मोडू नको म्हणजे कधीपर्यंत?

आजोबा: तां माझ्याय ध्यानात इला.

मेघना: मग बांगडा सोडलेला पण परत घ्या ना. मागणं परत घेताय, तसंच.

आजोबा: मागलेला परत घेवक येता. दिलेला परत घेवक येणा नाय.

मेघना: मग मी हे मागणं मागू देणार नाही. मी इकॉनॉमिक्सच—

आजोबा: तू कोण नाय म्हणणारी? गाऱ्हाणा मी घालतंय. आणि तुका सांगतंय, अठ्ठ्याहत्तर वर्सांत माणसान खाऊचे तेवडे बांगडे मी खाल्ले. तुझा आता सुरू झाला हा.

मेघना: मला रडवू नका.

आजोबा: रड. टाळांवर पडा देव नको फक्त, पूजेचे आसत.

बाबा: उद्या तुम्ही हे बोललात आणि कोणी होय म्हटलंच नाही तर? लोकांना कळायचं पण नाही काय मागताय ते. सगळी एकमेकांची तोंडं बघत राहतील.

आजोबा: बघतली. बघूदे. माझा तोंड कायम ऱ्हवात असा खंय लिवला हा?

बाबा: तसं होणार नाही. मी पुढे उभा राहीन. मी आधी म्हणेन, बाकीचे आपोआप म्हणतात. लोक कधी ऐकत नसतात, शेजारचा म्हणाला की म्हणतात.

मेघना: तू म्हणशील? पटलं नसताना?

बाबा: अर्धं पटलंय. उरलेलं तू वरळीला नेऊन दाखव, मग बघू. आता उठ, आई शिऱ्यासाठी खोळंबली असेल. ही फणी खाली देऊन ये.

मेघना: जाते. आजोबा, खरंच कधीच नाही खाणार?

आजोबा: सुरमय आसा, सरंगो आसा, तारली आसा. दर्यात काय एकच मासो आसा?